डॅकला जोडायचा डबा

निवृत्तीनंतर माणसाला निवांतपणा मिळतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा स्ट्रीमर निवडून पाहावा. मी मागच्या वर्षी निवडला. त्यात माझा अख्खा पावसाळा गेला, आणि शेवटी जो घेतला तो घेण्याचं कारण कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नव्हतं.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी सांगून टाकतो. मलाही हे उशिराच कळलं. गाणं हल्ली आकड्यांच्या रूपात येतं. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारं जे यंत्र असतं त्याला डॅक म्हणतात. डॅक ॲम्प्लिफायरला जोडायचा, ॲम्प्लिफायर स्पीकरला. पण डॅक स्वतःहून काही आणत नाही, त्याला कोणीतरी आकडे पुरवावे लागतात. इंटरनेटवरून किंवा घरातल्या हार्ड डिस्कवरून ते उचलून डॅकच्या हवाली करणारा डबा म्हणजे स्ट्रीमर. माझ्याकडे डॅक होता आणि तो चांगला होता. आकडे पुरवण्याचं काम एक जुना लॅपटॉप करायचा. त्याचा पंखा नेमका विलंबित ख्याल सुरू झाला की रसवंतीगृहातल्या चरकासारखा घरघरायचा. उन्हाळ्याच्या शेवटी तो एकदाचा बंद पडला. मला दुःख झालं नाही, फक्त आता काहीतरी निवडावं लागणार या विचाराने दमायला झालं.

एकट्याने निवडायचं असतं तर मी डोळे मिटून कुठल्यातरी डब्यावर बोट ठेवलं असतं. पण आमच्या घरी रविवारी सकाळी मंडळी जमतात. गेली कित्येक वर्षं जमतात. पोहे होतात, चहा होतो, मग गाणं लागतं, आणि प्रत्येकाच्या घरी मटण शिजत आल्याचा अंदाज घेत एकेक जण उठतो. यातला जयसिंगपूरचा एक बियाण्यांचा व्यापारी खास एस.टी.ने येतो. कबनूरचा एक यंत्रमागवाला आहे, चाळिशीतला, आमच्यात सगळ्यात तरुण. आणि आबा. आबा माझा शाळेपासूनचा मित्र, आमच्यातला एकटा तोच मला अजून ‘मास्तर’ म्हणून हाक मारतो, बाकीचे ‘सर’ म्हणतात. त्याची फौंड्री होती, लोखंड ओतायचा कारखाना. आता ती मुलाची आहे.

आबा म्हणजे आमच्या बैठकीचा कान. हे कोणी ठरवलं नव्हतं, पण ते तसं होतं. एखादं नवं उपकरण आलं, नवी वायर आली, जुनं ध्वनिमुद्रण नव्याने साफ करून आलं, की सगळ्यांनी ऐकायचं आणि ऐकून झाल्यावर गप्प बसायचं. आबा बोलेपर्यंत कोणी बोलायचं नाही. आबा डोळे उघडायचा, मिशीवरून बोट फिरवायचा आणि एखादं वाक्य टाकायचा. ‘तबला लांब गेलाय.’ किंवा ‘ह्यो जास्त गोड करतोय, साखर कारखान्याचा दिसतोय.’ की मग सगळ्यांना तसंच वाटू लागायचं. मला या प्रकारात थोडा दरबारी वास यायचा. पण माझा डॅक आबानेच निवडून दिला होता आणि तो निवडताना त्याचा कान खरा होता हे मला मान्य आहे. सांगायचं ते याच्यापुढचं आहे.

लॅपटॉप बंद पडला त्या आठवड्यात मी आबाच्या घरी गेलो होतो. तो आत अंघोळीला होता. वहिनींनी चहा आणून ठेवला आणि दार थोडं पुढे ओढलं.

“भावजी, ह्यास्नी ऐकायला येत न्हाय,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, वय झालं, आपलंही तसंच होतंय.

“तसं न्हवं. दारावरची बेल येत न्हाय. फोन येत न्हाय. नातू बोलला की हसत्यात नुसते. डॉक्टरकडं चला म्हटलं की अंगावर येत्यात. भट्टीवर जल्म गेला, त्या आवाजात दुसरं काय हुणार?”

मला थोडा संशय होता, पण त्याच्याकडे बघायचं मी टाळत होतो.

“फौंड्रीत आता पोरगं काय इचारत न्हाय,” त्या म्हणाल्या. “घरात मी इचारत न्हाय. रविवारी तुमच्यात तेवढं माणसं इचारत्यात. त्याच्यावर आठवडा निघतोय त्यांचा. तिथनं त्यास्नी उठवू नका.”

आबा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला आणि म्हणाला, “काय गुलुगुलु चाललंय?” आम्ही दोघंही चांगल्या मोठ्याने बोलत होतो.

तर स्ट्रीमर असा निवडायचा होता. बाहेर डब्यांची पंचाईत आणि आत ही. मला यातली फक्त पहिली उघडपणे बोलता येत होती.

डब्यांची पंचाईतही काही कमी नव्हती. बाजारातल्या बहुतेक स्ट्रीमरच्या पोटात त्यांचा स्वतःचा डॅक असतो. आपला डॅक वेगळा असेल तर तो आतला डॅक म्हणजे लग्नाला आलेला दुसरा भटजी. दक्षिणा त्यालाही द्यायची आणि नुसता बसवून ठेवायचा. ज्यात डॅक नाही असे नुसते आकडे पुरवणारे डबेही मिळतात, ते मात्र कमी काम करण्याबद्दल जास्त मोबदला घेतात. मग कोणाचं ॲप बरं, कोणाचं वाईट. कोणाचा विजेचा पुरवठा शुद्ध, कोणाचा अशुद्ध. आकडे यूएसबीच्या वायरीने द्यावेत की कोॲक्सियलच्या, यावरून इंटरनेटवर मोठमोठी माणसं एकमेकांची लाज काढताना मी वाचली आहेत. प्रत्येक समीक्षक लिहितो की या डब्याने मधला पडदा बाजूला झाला. मी गेल्या काही वर्षांत इतके पडदे बाजूला झालेले वाचले आहेत, की एव्हाना गायिका आमच्या सोफ्यावर येऊन बसायला आणि पोहे मागायला हवी होती.

माझं मत साधं होतं. आकडे ते आकडे. ते न चुकता पोचले म्हणजे झालं, ते सोन्याच्या ताटातून आले की पत्रावळीतून, डॅकला काय त्याचं. पण हे मत बोलून दाखवायची ताकद माझ्यात राहिली नव्हती. मत सांगितलं की त्याच्यामागून वाद येतो, वादामागून व्हिडिओ येतात, आणि व्हिडिओ यंत्रमागवाला पाठवतो.

यंत्रमागवाल्याकडे स्वतःचा एक स्ट्रीमर होता. भारी, काळा, हातात घेतला तर वजनाने आदर वाटावा असा. मागे एकदा त्याने तो हौसेने उचलून आणला होता आणि आबाने एका वाक्यात त्याचा निकाल लावला होता. “कोरडं हाय.” एवढंच. यंत्रमागवाला तेव्हा हसला होता, पण ते वाक्य त्याच्या पोटात राहिलं होतं हे मला दिसत होतं. दिवसभर मागांच्या खडखडाटात काढून रविवारी शांत काहीतरी ऐकायला येणारा हा माणूस. त्याला घरी कोणी शहाणं म्हणत नव्हतं, इथे तरी म्हणावं अशी त्याची माफक अपेक्षा होती.

त्याने पुण्याच्या एका दुकानदाराकडून दुसरा एक स्ट्रीमर ऐकून परत करायच्या बोलीवर मागवला आणि जाहीर केलं, “सर, ह्या वेळी झाकून ऐकू या. कुठला डबा वाजतोय ते कुणालाच कळलं न्हाय पायजे. मग बघू कोरडं कुठलं आणि वलं कुठलं.”

“कशाला?” मी म्हणालो. “मी कुठलाही घेतो. तुझा आहे तसला घेतो.”

“आसं कसं? तुमचा एवढा डॅक. आबा हाईत की सांगायला.”

आबा पेपर वाचत होता. सगळे आपल्याकडे बघताहेत हे लक्षात आल्यावर त्याने पेपर खाली केला आणि म्हणाला, “चालतंय की.” तो कशाला हो म्हणाला हे त्याला कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मी घरी त्या आठवड्यात बायकोला म्हटलं, रविवारी आपण गावाला जाऊ या. ती म्हणाली, कुठल्या गावाला? ते काही मला सुचलं नाही.

रविवारी यंत्रमागवाल्याने दोन्ही डबे टीपॉयवर मांडले आणि त्यांच्यावर स्वतःच्या मागावरचं कोरं कापड टाकलं. कुठला डबा चालू आहे ते दाखवणाऱ्या डॅकवरच्या दिव्यावर कागद चिकटवला. डॅकचा रिमोट हातात घेऊन तो कापडामागे उभा राहिला, सर्कशीतला जादूगार उभा राहतो तसा, फक्त चेहरा फार गंभीर. एकच तुकडा दोनदा वाजणार होता, आधी एका डब्यातून, मग दुसऱ्यातून. नंतर ज्यांना पहिला आवडला त्यांनी हात वर करायचा.

तुकडा आबाच्याच आवडीचा होता. एका जुन्या बाईंचा तोडी. आमच्यातल्या प्रत्येकाला तो पाठ आहे आणि आबाला तर त्यातल्या बाईंचा खोकलासुद्धा पाठ आहे. आबा नेहमीच्या खुर्चीत बसला, डोळे मिटले, उजवा हात गुडघ्यावर ठेवला. पहिल्यांदा वाजलं. थांबलं. यंत्रमागवाल्याने बटण दाबलं, दुसऱ्यांदा सुरू झालं. आबाचा हात गुडघ्यावर ठेका धरून चालला होता, बोटं मोजत होती, सम आली की तळवा पडत होता.

मग तुकडा संपला. यंत्रमागवाल्याने गाणं थांबवलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

आबाचा हात चालूच होता.

बोटं तशीच मोजत राहिली. मान हळूहळू डोलत राहिली. मग एका ठिकाणी त्याने मान किंचित वर घेतली आणि तळवा गुडघ्यावर टाकला. समेवर. गाणं चालू असतं तर सम तिथेच पडली असती, याबद्दल मला शंका नाही. जयसिंगपूरचा व्यापारी भारावून हलक्या आवाजात “वा” म्हणाला. आबा गाण्यात बुडालाय असं त्याला वाटलं. बाकीच्यांनाही तसंच वाटलं असावं.

यंत्रमागवाला रिमोट हातात धरून आबाकडे बघत होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली, आणि त्याला पाहिजे ते उत्तर त्यात मिळालं.

हात कोणीच वर करेना. आबा बोलल्याशिवाय कसा करणार? व्यापारी चष्मा पुसू लागला. झाकून ऐकायची ही शास्त्रशुद्ध पद्धत ज्या कोणी शोधली असेल त्याने आपल्याकडच्या बैठकी पाहिल्या नसाव्यात. डबे झाकता येतात, माणसं कशी झाकणार? आम्ही सगळे बसून राहिलो. आबाचा हात अजून चालला होता. आता आणखी थोडा वेळ गेला असता तर सगळ्यात मंद माणसालाही कळलं असतं.

“पयलं चांगलं हाय,” यंत्रमागवाला एकदम मोठ्याने म्हणाला. नेहमीपेक्षा बऱ्याच मोठ्याने.

आबाने डोळे उघडले. सगळे चेहरे यंत्रमागवाल्याकडे वळलेले त्याने पाहिले. हात गुडघ्यावर थांबला.

“व्हय,” आबा म्हणाला.

“मी तेच म्हणणार होतो,” व्यापारी म्हणाला.

कापड काढलं. पहिला डबा पुण्याहून आलेला होता. म्हणजे यंत्रमागवाल्याने स्वतःचाच डबा पाडला होता. त्याला ते रिमोट दाबताना माहीत होतं. मी त्याला नंतर कधी त्याबद्दल विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. पोह्यांच्या बशा उचलताना मला एवढंच जाणवलं की आपण फार दमलो आहोत.

पुढच्या रविवारी आबा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला की वहिनी उचलायच्या आणि ‘काम हाय म्हणत्यात’ एवढा निरोप द्यायच्या, तोही आवाज चोरून. आबा नसताना यंत्रमागवाल्याच्या डब्यावर गाणं लावलं की संपल्यावर सगळे यंत्रमागवाल्याकडे बघायचे. तोही काही बोलायचा नाही. निकाल द्यायला कोणी नाही म्हटल्यावर बैठक लवकर उठू लागली. व्यापाऱ्याला आधीची एस.टी. मिळू लागली.

पुण्याचा डबा परत गेला. मी घेतला नाही. कारण विचारलं तर सांगण्यासारखं काही नव्हतं.

शेवटी मी आबाच्या घरी गेलो. तो गच्चीवर कुंड्यांत माती घालत होता. मी शेजारी बसलो आणि ओरडून विचारलं, “का येत नाहीस?”

“वरडतोस कशाला?” तो म्हणाला. मग म्हणाला, “वरड. तसंच कळतंय.”

त्याने हातातली माती झाडली. “मास्तर, त्या दिवशी मला पयलं बी आलं न्हाय आन दुसरं बी आलं न्हाय. जरा कायतरी गुणगुणल्यावानी झालं. मग मी आपलं मनात लावलं. पाठच हाय ते. बाई गात हुती, तबला चालला हुता. तुझं बंद कवा पडलं मला कळलं न्हाय.”

“तुला कळलं नाही हे कोणालाच कळलं नाही,” मी म्हणालो.

“त्या पोराला कळलं. म्हणून तर बोललं ते.” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “आन एक सांगतो. मनात जे वाजत हुतं ना, ते तुझ्या डॅकपेक्षा भारी वाजत हुतं.”

हे मला पटलं. त्याच्या मनाला वायरी नाहीत आणि समीक्षक नाहीत.

“कानात यंत्र घाल,” मी ओरडलो.

“यंत्र घालून गाणं? जिभंला हातमोजा घालून मटण खायाचं व्हय?”

“मग नुसतं मनात लावून बस. गच्चीत. आयुष्यभर.”

त्याने कुंडीतलं एक रोप उगाच उपटून पुन्हा लावलं. मी उठलो, जिन्यापर्यंत गेलो. मागून तो म्हणाला, “तू येणार असशील संगट तर बघू.”

कान तपासणाऱ्या बाईंकडे मी त्याला घेऊन गेलो. काचेच्या खोलीत त्याला बसवलं, कानावर हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. आबा जन्माचा कारखानदार. तपासणी करणारा आला की काय करायचं हे त्याच्या हाडात आहे. बाईंची नजर यंत्राकडे वळली की तो बटण दाबायचा. असं बरंच झाल्यावर बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, “काका, मी अजून काही वाजवलंच नाही.” आबा मोकळेपणाने हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. मग मात्र त्याने तपासणी नीट करू दिली. आलेख घसरगुंडीसारखा उजवीकडे उतरत गेला होता. बाईंनी समजावलं की वरचे सूर जवळजवळ गेलेत, शब्दांचे काठ त्याच सुरांत असतात, म्हणून बोलणं कळत नाही.

त्यांनी दाखवलेल्या यंत्रांत एक ब्लूटूथचं होतं. “टीव्हीचा आवाज थेट कानात येईल,” त्या उत्साहाने म्हणाल्या. “घरातल्यांना आवाज मोठा करायला नको.”

“टीव्ही बघत न्हाय मी,” आबा म्हणाला.

मी मात्र तिथे बसल्या बसल्या दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होतो, आणि यंत्र घ्यायचं तर तेच घे असं मी त्याला सांगितलं. ते घरी आल्यावर वहिनींनी त्याला पहिला प्रश्न काय विचारला असेल तर, “आता मी काय बोलते ते समदं येणार काय?” तो म्हणाला, “त्येच भ्या वाटतंय.”

स्ट्रीमरच्या जगात ब्लूटूथ हा शब्द उच्चारणं म्हणजे सोवळ्यात चामड्याचा पट्टा घालून येणं. खानदानी डब्यांत ते नसतंच. असलं तरी ते माहितीपत्रकात तळाशी, बारीक अक्षरात, ओशाळून बसलेलं असतं. आणि आत येणारं असतं, म्हणजे फोनवरचं गाणं डब्यात घेता येतं. मला बाहेर जाणारं हवं होतं, डब्यातलं गाणं कानातल्या यंत्रात सोडणारं. तसा एक मिळाला. छोटा, हलका, प्लॅस्टिकचा, साबणाच्या डबीएवढा. आकडे तो डॅकलाही द्यायचा आणि हवेतून कानातल्या यंत्रालाही. मी मागवून टाकला. इतके महिने जे ठरत नव्हतं ते चहा निवायच्या आत ठरलं.

यंत्रमागवाल्याला कळलं तेव्हा तो हळहळला. “सर, एवढ्या डॅकम्होरं हे खेळणं? बारशाचा पाळणा ट्रॅक्टरला जोडल्यावानी दिसतंय.”

“ब्लूटूथ आहे त्यात,” मी म्हणालो.

“आवो, ते कोण वापरतंय—” तो बोलायचा थांबला. थोड्या वेळाने म्हणाला, “जोडायला मी येतो. आन आबास्नी मी घेऊन येतो. गाडी आणतो.”

त्या रविवारी तो खरंच आबाला घेऊन आला. आबाच्या दोन्ही कानांमागे करड्या रंगाची यंत्रं होती आणि ती कोणाला दिसू नयेत म्हणून त्याने टोपी इतकी खाली ओढली होती की सगळ्यांचं लक्ष तिकडेच गेलं. व्यापाऱ्याने तोंड उघडलं, माझ्या बायकोने त्याच्या हातात पोह्यांची बशी दिली, त्याने तोंड भरलं. आबाने आपली खुर्ची सोडून दाराजवळचं स्टूल घेतलं. खुर्ची रिकामी राहिली.

यंत्रमागवाल्याने साबणाची डबी डॅकला जोडली. तोडी लावला. स्पीकरमधून तानपुरा उमटला. चांगला उमटला, ज्या अर्थी कोणी काही बोललं नाही. मग त्याने फोनवर, डबीच्या ॲपमध्ये, आबाची यंत्रं शोधली आणि त्यांच्यावर बोट ठेवलं. खोलीतलं गाणं तुटलं आणि तिकडे आबा स्टुलावर दचकला. यंत्रमागवाल्याने पुन्हा डॅकवर बोट ठेवलं. गाणं खोलीत आलं, आबाचा चेहरा विझला. असं त्याने तीन-चारदा करून पाहिलं. फोन उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला उत्तर असेल.

“सर, एकच हुतंय,” तो हळू आवाजात म्हणाला. “डॅक न्हायतर ब्लूटूथ. दोनी संगट जात न्हाय.”

“म्हणजे?” व्यापाऱ्याने विचारलं.

“म्हंजी आपण ऐकायचं, न्हायतर आबानी.”

हे कुठेतरी लिहिलेलं असणारच. माझ्याच्याने ते वाचणं झालं नव्हतं, आणि आमच्यात ज्याने असलं सगळं वाचलं असतं त्याने ब्लूटूथच्या मजकुराकडे आयुष्यात कधी ढुंकून पाहिलं नव्हतं.

आबा एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. “काय झालं?”

मी ओरडून सांगितलं. तो म्हणाला, “वरडू नको, आता येतंया.” मी पुन्हा हळू सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि टोपी मागे सरकवली. “मग तुमी ऐका की. एवढी माणसं हाईत. माझं काय,” म्हणत त्याने एका कानातलं यंत्र काढायला हात नेला.

“बसा की आबा,” यंत्रमागवाला म्हणाला, आणि ख्याल पहिल्यापासून लावून त्याने फोनवर बोट ठेवलं.

स्पीकर गप्प झाले. आबाचा हात कानापाशी तसाच राहिला, मग हळूहळू खाली आला.

आम्ही बसून राहिलो. दुसरं काय करणार? चहाच्या कपाचा आवाज होऊ नये म्हणून व्यापाऱ्याने तो मांडीवर धरून ठेवला, खरं तर आबाच्या कानात गाणं थेट चाललं होतं, कपाचा आवाज तिथे पोचणार नव्हता. फोनवर त्या बाईंचा जुना फोटो होता आणि खाली एक रेघ पुढे सरकत होती. तेवढ्यावरून गाणं चालू आहे असं मानायचं. आबाने डोळे मिटले नव्हते. कपाळाला आठ्या घालून तो समोरच्या भिंतीकडे रोखून बघत होता, एखादा ओळखीचा माणूस गर्दीत शोधावा तसा. ठेका धरलेला नव्हता. दोन्ही हात मांडीवर उताणे पडलेले होते.

माझी बायको आतून बाहेर आली. सगळी माणसं नि:शब्द बसलेली तिने पाहिली.

“संपलं?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग काय चाललंय?”

“ऐकतोय,” मी म्हणालो.

ती थोडा वेळ दारात उभी राहिली आणि मग तीही पुढे येऊन बसली, त्या रिकाम्या खुर्चीत, कारण दुसरी जागा नव्हती.

ख्याल लांब होता. रस्त्यावरून एक भाजीवाला ओरडत गेला, शेजारी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. असल्या शांततेत मी या माणसांबरोबर कधी बसलो नव्हतो. आमच्यात काही वाजत नसलं की कोणीतरी बोलत असतं. कोणी घड्याळ बघितलं नाही. व्यापाऱ्याची एस.टी. त्याच सुमाराला सुटली असणार.

रेघ टोकाला पोचली. आबाने मान वळवली आणि आम्हा सगळ्यांना बघितलं. आम्ही त्याच्याकडेच बघत होतो.

“घाण वाजतंय,” आबा म्हणाला.

कोणी हललं नाही.

“तंबोरा म्हंजी डास. तबल्याला खालचं कायबी न्हाय, नुसतं टकटक. बाईचा आवाज पत्र्याच्या डब्यातनं आल्यावानी. असलं घाण मी जल्मात ऐकलं न्हाय.” तो मोठ्याने बोलत होता, त्याला स्वतःचा आवाज किती मोठा आहे याचा अंदाज नव्हता.

यंत्रमागवाल्याने फोन हातात घेतला. “काढू मग आबा? स्पीकरवर घेऊ?”

“कशाला काढतोस?” आबा म्हणाला. “अंतऱ्यातलं शब्द हाईत त्यात. लय दिस झालं, मला ते शब्दच येत नव्हतं. नुसता आऽऽ यायचा. मला वाटायचं बाईच पुसट गातीया. पुन्यांदा लाव. अंतरा लाव.”

यंत्रमागवाल्याने रेघ मागे ओढली. आबाने डोकं खाली घातलं.

थोड्या वेळाने व्यापारी वाकून, आबाच्या अगदी कानाशी जाऊन म्हणाला, “आबा, आमाला बी सांगा की. काय म्हणतीया?”

आबाने हाताने त्याला गप्प केलं. मग काय वाटलं कोणास ठाऊक, तो ते शब्द म्हणू लागला, जसे कानात येत होते तसे, एकेक, मध्ये थांबून, तान आली की थांबून राहून, पुढचा शब्द आला की पुन्हा. आधी नुसते म्हणत होता, मग नकळत चालीवर म्हणू लागला. आवाज भट्टीवरून हाक मारतानाचा, आणि सूर कुठेच लागत नव्हता. यंत्रमागवाला मान खाली घालून ऐकत होता. मी खुर्चीत मागे टेकलो.